वायफायला हात लावायचा नाही

जिन्याच्या वळणावर दोघं एकमेकांवर आदळले आणि त्याची हत्यारांची बॅग थेट तिच्या पायावर पडली.

"सॉरी... लागलं का?"

तिनं मान वर केली आणि तिचं डोकंच फिरलं. "तुम्ही? पुन्हा तुम्हालाच पाठवलं?"

हाच तो नेटवर्कवाला. ती बांधकामाच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर. काँक्रीटच्या तुळईवर वजन ठेवून ती किती वाकते, ते अठ्ठावीस दिवस मोजायचं काम तिच्याकडे होतं. तुळईला लावलेल्या मोजणीच्या डब्यातून काँप्युटरवर नोंद यायची, ती वायफायवरून. डबा असा खडूस, की जोडणी क्षणभर तुटली तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. गेल्या महिन्यात या गृहस्थानं "एकदा बंद करून चालू करू" म्हणत वायफाय बंद केलं आणि एकोणीस दिवस मातीत घातले! नवी तुळई, नवं वजन, पुन्हा पहिला दिवस. बोलणी खाल्ली तिनं. पुन्हा चुकलं तर चाचणी दुसऱ्याकडे जाणार, हेही साहेबांनी तिलाच ऐकवलं.

"आज चोविसावा दिवस आहे," ती म्हणाली. "केबल लावलीये, तरी रिपोर्ट मुख्य ऑफिसला जात नाही. तेवढंच बघा. वायफायला हात लावलात तर हात जागेवर राहणार नाही."

"डावा घ्या. उजवा टायपिंगला लागतो."

तिला हसू आलं. ते तिनं दाबलं, आणि आलं म्हणून आणखी चिडली.

प्रयोगशाळेत येऊन तो काँप्युटरसमोर बसला. "याला दोन रस्ते आहेत. केबलचा बाहेर जातो, वायफायचा डब्यापाशीच संपतो. हा काँप्युटर लिनक्स प्रणालीवर चालतो, तिच्यात ज्या रस्त्याचा आकडा लहान, तो आधी. इथं केबलचा शंभर, वायफायचा पन्नास. म्हणून रिपोर्टसुद्धा डब्याकडेच धावतोय."

"असले आकडे कुणी घातले?"

त्याचे कान लाल झाले.

"मीच... गेल्या वेळी. वाटलं, डब्याला आधी मान मिळावा."

"वा! म्हणजे आधी घात केलात आणि वर ही भरपाई!"

"हो. पण आता बंद न करता आकडा बदलता येतो मला. घरी असाच एक डबा जोडून अकरा वेळा करून पाहिलं. एकदाही तुटला नाही."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. त्या दिवशी तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. नुसत्या तुळईकडे बघत बसलात... ते डोक्यातून जाईना."

"मग महिनाभर एक फोन नाही? माणूस आहात की दगड?"

"तीनदा इथल्या जिन्यापर्यंत आलो होतो."

त्यानं वायफायचा आकडा सहाशे लिहिला. मग चालू जोडणीवर तो तसाच लागू करायची दुसरी आज्ञा लिहिली आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

"एंटर तुम्ही दाबा. नको असेल तर उठून जातो."

तिनं स्क्रीनवरच्या डब्याच्या नोंदींवर नजर रोखली... आणि दाबलं.

नोंद येत राहिली. एक सेकंद, दुसरा, दहावा. खंड नाही. शेजारी रिपोर्ट सरसर जायला लागला. तिनं कधीचा रोखलेला श्वास सोडला.

तो बॅग आवरायला लागला.

"निघालात?" ती कडाडली.

"काम झालं ना..."

"काम झालं! महिनाभर मी तुमच्यावर जळफळतेय. झोपताना तुम्ही, उठताना तुम्ही, आणि तुम्ही दोन ओळी लिहून निघालात?"

"मग... काय करू?"

"मला काय विचारता! आवडता तुम्ही मला. आणि त्याचाच मला भयंकर संताप येतोय."

तो अजिबात हसला नाही. बॅग खाली ठेवून तो परत खुर्चीत बसला.

"मलाही तुम्ही..." तो हळूच म्हणाला. "फक्त, संताप नाही येत."