कॉय ग्रिग्जचा थांबा

व्हर्ना स्टिडमने सहलीचा बेत स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखला, आणि तो आखून होईपर्यंत नवऱ्याला, हॉलिसला, एकच काम होतं, कॉफी करण्याचं. केंटकीतल्या सहा डिस्टिलऱ्या, सात दिवस, चार कॅम्पग्राउंड. आरव्ही त्यांची स्वतःची होती, जुनी विकत घेतलेली, मागे पलंग, मध्ये चूल आणि बाक, पुढे दोन खुर्च्या. एवढं अख्खं घर डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवरून न्यायचं, म्हणून व्हर्नाने प्रत्येक पुलाची क्षमता शोधून काढली होती. जो पूल गाडी पेलणार नाही, त्यावर नकाशात लाल फुली.

"आणि व्हिस्की?" हॉलिसने विचारलं.

"व्हिस्की तू चाखायचीस. डॉक्टरांनी घोटभर चालेल म्हटलंय, घोटभरच. मी वास घेईन. स्टिअरिंग माझ्याकडे."

वसंतात हॉलिसचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर तो दारातल्या खुर्चीवरून फारसा उठत नसे. ही सहल व्हर्नाने त्याला उठवण्यासाठी काढली होती, पण हे ती त्याला कशाला सांगेल? त्याला तिने सांगितलं ते एवढंच, की तुझी बर्बन व्हिस्कीची हौस भागव आणि मला घराबाहेर काढ.

स्टिअरिंगबद्दल ती बोलली त्यात बढाई नव्हती. इंडियानातल्या गावात तिने बत्तीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली होती. ब्रेकवर पाय ठेवला की मागे साधारण किती मुलं आहेत ते तिला तळपायाला कळायचं. तरीही रोज शेवटची फेरी झाली की ती इंजिन बंद करून मागपर्यंत चालत जायची, प्रत्येक सीटवर हात ठेवत. एखादं पोर झोपलेलं असतं. बत्तीस वर्षांत तिच्या बसमध्ये एकही मूल मागे राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी, ऑक्टोबरातल्या एका धुकट सकाळी, हायवेवरच्या ट्रक थांब्यावर तिने टाकी काठोकाठ भरली आणि गाडी वजनकाट्यावर चढवली. पुढे डोंगराळ रस्ता होता. काट्यावरच्या मुलीने चिठ्ठी हातात दिली, चौदा हजार दोनशे साठ पौंड. वीस पौंडांखालचा फरक तो काटा दाखवत नसे. व्हर्नाने चिठ्ठी आरशामागे खोचली आणि गाडी दरीतल्या रस्त्याला लावली.

डिस्टिलरी जवळ आल्याचं आधी झाडांनी सांगितलं. खोडं काळी, फांद्या काळ्या, कुंपणाचे खांब काळे, जणू कोणी काजळी फासली होती. पिंपांतून उडणाऱ्या दारूच्या वाफेवर वाढणारी ती बुरशी. हवेत गोडसर वास होता, ओल्या लाकडाचा आणि जळक्या साखरेचा. हॉलिसने खिडकी खाली केली आणि कित्येक महिन्यांनी पोटभर श्वास घेतला.

"इथंच राहूया," तो म्हणाला.

"अडीचला निघायचंय. वहीत लिहिलंय."

फेरी अकरा वाजता होती. दाखवणारी बाई डार्ला, पन्नाशीची, घोगऱ्या आवाजाची, तिथेच जन्मलेली. तिने आंबवण्याच्या टाक्या दाखवल्या, तांब्याचं भांडं दाखवलं, आणि शेवटी सगळ्यांना सर्वांत जुन्या गोदामात नेलं. सात मजली लाकडी गोदाम. आत दिवे नव्हते, आगीच्या भीतीने कधी घातलेच नव्हते. तिने दार ओढलं आणि भर दुपारी आत रात्र झाली. दोन्ही बाजूंना फळ्यांवर आडवी पिंपं, एकावर एक, वर अंधारात जाईपर्यंत. डार्लाच्या हातातल्या छोट्या टॉर्चचा उजेड तेवढा जमिनीवर पडला होता.

"पूर्वी इथे गळती शोधणारा माणूस असायचा," ती हळू आवाजात म्हणाली. "लाकडी हातोडी घेऊन दिवसभर फिरायचा. पिंपावर ठोकायचं, कान लावायचा, आवाज पोकळ आला की समजायचं दारू कमी झालीये. मग भेगेत खुंटी ठोकायची. आमच्याकडचा शेवटचा कॉय ग्रिग्ज. सत्तावन्न साली, असाच ऑक्टोबर. सहाव्या मजल्यावर दोन फळ्यांच्या मधे बसला आणि तिथेच गेला. हृदय."

हॉलिसचा हात नकळत छातीवर गेला.

"कोणाला कळलं नाही?" व्हर्नाने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. चार वाजता कामगारांना घरी नेणारी बस सुटायची. सगळ्यांना वाटलं, कॉय मागे बसला असेल. ड्रायव्हरलाही तेच वाटलं."

"त्याने मागे जाऊन बघितलं नाही?"

"नसावं."

व्हर्नाला राग आला. पासष्ट वर्षांपूर्वीच्या, कधी न पाहिलेल्या त्या ड्रायव्हरचा खराखुरा राग. ती अंधारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या बसमध्ये असं झालं नसतं."

मग वरून, फार उंचावरून, लाकडावर लाकूड ठोकल्याचा आवाज आला. दोनदा. थांबून आणखी दोनदा, जरा खालून.

"थंडीत लाकूड वाजतं," डार्ला म्हणाली. पण तिने दार मात्र लगेच उघडलं.

हॉलिसने घोटभर चाखली, दोन बाटल्या घेतल्या, गाडीत बर्गू, तिकडचा मांस-भाज्यांचा घट्ट रस्सा, गरम करून दोघं जेवली. अडीचला व्हर्नाने गाडी काढली आणि पहिल्याच उतारावर ब्रेक दाबताना तिच्या तळपायाला कळलं.

मागे कोणीतरी बसलं होतं.

तिने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि उठून मागपर्यंत चालत गेली. बाकावर हात ठेवला, पलंगावर ठेवला, न्हाणीघराचं दार उघडून बघितलं. कोणी नव्हतं. फक्त पलंगापाशी ओल्या ओकचा, पिंपांच्या लाकडाचा, वास जास्त होता. दोन बाटल्यांना एवढा वास येत नाही, आणि त्यांची बुचंही उघडलेली नव्हती.

"काय शोधतेस?" हॉलिसने डोळे मिटूनच विचारलं.

"काही नाही. सवय."

पुढच्या वळणावर मागचं वजन उजवीकडून डावीकडे सरकलं. सामान घसरलं तर धाडकन आवाज होतो. हे सावकाश सरकलं, माणूस एका बाकावरून उठून दुसऱ्यावर बसतो तसं. शाळेच्या बसमध्ये व्हर्ना अशा वेळी आरशात बघून "खाली बस" म्हणायची. आज तिने आरशात बघितलं नाही.

ट्रक थांब्यावर पोचताच तिने टाकी पुन्हा काठोकाठ भरली आणि गाडी काट्यावर चढवली. चौदा हजार चारशे वीस. सकाळपेक्षा एकशे साठ पौंड जास्त. एका सडपातळ पुरुषाचं वजन.

चिठ्ठी हातात घेऊन ती सीटवर चढली, तेव्हा हॉलिस झोपला होता. पण त्याची बोटं गुडघ्यावर चालत होती. दोनदा ठोका. थांबून आणखी दोनदा. ठोक्यागणिक तो मान कलती करून ऐकत होता.

"हॉलिस."

"सहाव्यावरचं गळतंय," तो म्हणाला. आवाज त्याचाच, पण बोलण्याची ढब डोंगरातली, डार्लासारखी. "खुंटी संपली माझ्याकडची..."

तिने त्याचं मनगट धरलं. नाडी होती, मंद होती. हात मात्र तळघरातल्या भिंतीसारखा गार. दवाखाना चाळीस मैलांवर. व्हर्नाने एका क्षणात तो रस्ता मनात मोजला, आणि तेवढ्यात हॉलिसने विचारलं, "चार वाजले का हो? बस जाईल माझी..."

गाडीतल्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

पुढे व्हर्नाने जे केलं ते तिने आजवर फक्त आपल्या बहिणीला सांगितलं आहे, तेही एकदाच. ती घाबरली होती. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवले. पण घाबरलेलं पोर चुकीच्या बसमध्ये चढलं तर काय करायचं, हे बत्तीस वर्षं तिला ठाऊक होतं. ओरडायचं नाही. हाकलायचं नाही. विचारायचं. ती आपल्या बसमधल्या आवाजात, पुढे बघत म्हणाली, "मिस्टर ग्रिग्ज, बस तुमच्यासाठी थांबली आहे. कुठे उतरायचं तुम्हाला?"

मागची स्प्रिंग करकरली. हॉलिसचे ओठ हलले.

"चर्चपाशी डावीकडे, बाई."

ती निघाली. चर्चपाशी डावीकडे. मग ओढ्याच्या कडेने. मग जिथे रस्ता फुटतो तिथे वरचा. नकाशावर या रस्त्यावर तिने लाल फुली मारली होती, पुलासाठी. पूल आला. व्हर्नाने दोन्ही चिठ्ठ्या डोळ्यांपुढे आणल्या, पाटीवरचा आकडा वाचला आणि पाच मैलांच्या वेगाने गाडी वर घातली. फळ्या कण्हल्या, पण धरल्या.

"बायको वाट बघत असेल," हॉलिस पुटपुटला. ओठ निळसर पडले होते. "रोज दारात उभी असते..."

"पोचतोच आपण."

"तुम्ही नव्या का? रोजचा ड्रायव्हर..."

"तो रजेवर आहे," व्हर्ना म्हणाली. "मी मागे बघितल्याशिवाय गाडी बंद करत नाही."

"बरं आहे," हॉलिस म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याची बोटं थांबली. "इथंच, बाई."

तिथे घर नव्हतं. गवतात एक दगडी धुराडं उभं होतं आणि रस्त्याकडेला टपालपेटीचा खांब. चारला दोन मिनिटं होती. रस्त्यापलीकडे एक बैठं घर होतं आणि त्याच्या ओट्यावर एक म्हातारा घोंगडी पांघरून बसला होता.

व्हर्नाने इंजिन बंद केलं, मधलं दार उघडलं, लोखंडी पायरी खाली सोडली. मग ती बाजूला सरून उभी राहिली, वाट देऊन.

"मिस्टर ग्रिग्ज, तुमचा थांबा आला."

तिच्या समोरून गार हवा गेली, ओल्या ओकच्या वासाची. पायरी खाली दबली आणि पुन्हा वर आली. धुराड्यापर्यंतचं गवत एका रेषेत वाकत गेलं. मग ते स्थिर झालं.

"व्हर्ना," पुढून हॉलिसची हाक आली, नेहमीच्या, कुरकुरत्या आवाजात. "हे कुठे आणलंस? आणि मला भूक का लागलीये?"

ती पायरीवरच बसली. जरा वेळाने तिच्या लक्षात आलं की ती हसते आहे, आणि डोळे पुसते आहे.

पलीकडचा म्हातारा काठी टेकत रस्त्यापर्यंत आला. त्याचं नाव थर्मन. त्याने धुराड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"कोणाला सोडलंत?"

"एका माणसाला," व्हर्ना म्हणाली. "त्याची बस चुकली होती."

थर्मनने मान हलवली. लहानपणी त्या दारात रोज बसची वाट बघत उभी राहणारी बाई त्याने बघितली असावी. "चांगलं केलंत," तो म्हणाला. "कोणी तरी आणायलाच हवं होतं." मग त्याने टोपीला हात लावला, पण व्हर्नाला बघून नाही, तिच्या खांद्यावरून, गाडीच्या मागच्या बाजूला बघून. "त्या बाई नाही का उतरायच्या इथे?"

"कोण बाई?"

"मागच्या खिडकीत बसल्यात त्या. निळ्या स्वेटरवाल्या." त्याने डोळे बारीक केले. "नसतील उतरायच्या. तुमच्याच असतील."

व्हर्ना आत गेली आणि पलंगापर्यंत चालत जाऊन आली. खिडकी रिकामी होती. काचेवर संध्याकाळच्या उन्हाची तिरीप होती, आणि तिच्याकडे निळा स्वेटर नव्हता. म्हाताऱ्याची नजर गेलीये, ती स्वतःला म्हणाली. हॉलिसला पाणी दिलं, नाडी बघितली, ठणठणीत. गाडी वळवली. उतारावर ब्रेक दाबला आणि तळपायाला ओळखीचं, हलकं वाटलं.

तरी खात्री हवी म्हणून ट्रक थांब्यावर टाकी भरून तिने तिसऱ्यांदा काटा गाठला. चौदा हजार दोनशे साठ. एका आकड्याचाही फरक नाही.

"बघ," तिने चिठ्ठी हॉलिसच्या नाकापुढे धरली. "सकाळचंच वजन. गाडीत आता आपल्याशिवाय कोणी नाही."

"मी कधी म्हटलं आहे म्हणून?" हॉलिस म्हणाला. तो मक्याचा पाव खाण्यात गुंग होता. गालांवर रंग परत आला होता.

व्हर्नाने सकाळची चिठ्ठी आरशामागून काढली आणि संध्याकाळच्या चिठ्ठीशेजारी धरली. तेच आकडे. ती बराच वेळ बघत राहिली. काटा दुपारी काय चढलं आणि चारला काय उतरलं ते सांगत होता. सकाळी, घरून आणलेल्या गाडीत, आधीपासूनच काय काय होतं ते काटा कसा सांगणार?

तिने दोन्ही चिठ्ठ्या खिशात घातल्या. हॉलिसला काही सांगितलं नाही. उद्या चौथी डिस्टिलरी होती, वहीत लिहिलेली, आणि बेत मोडायचा तिचा विचार नव्हता. तिने किल्ली फिरवली, आरसा न बघता हायवे धरला आणि पहिल्या वळणावर तळपाय ब्रेकवर टेकवला.

गाडी अगदी नेहमीसारखी चालत होती. दोन वर्षांपूर्वी, विकत घेतली त्या दिवसापासून चालायची, तशीच.