दाउत्सनमावशीचा चौथा कोपरा

हिस्केला मिळणार होतं ते एक मेजभर कापड. पण त्याला नुसतं कापड म्हणणाऱ्याला त्या घरात कॉफीचा दुसरा कप मिळाला नसता. पांढऱ्या लिननवर पांढऱ्याच दोऱ्याने भरलेलं. घरातलं प्रत्येक बाळ बारशाला त्याच्यावर निजलेलं, प्रत्येक शवपेटीवर तेच पसरलेलं. हिस्केची आई त्याच्याखालूनच गेली होती. दाउत्सनमावशीने त्याचे तीन कोपरे भरले, चौथ्याच्या आधी तिची बोटं आखडली, आणि गेल्या हिवाळ्यात ती स्वतःही गेली. जाताना एवढंच म्हणाली, "चौथा कोपरा जी नीट भरेल, कापड तिचं."

मावशीला मूलबाळ नव्हतं. भाच्या दोन. रिक्स्त तळ्याकाठी पाहुण्यांना खोल्या भाड्याने देई. कापड मिळालं तर काचेत घालून न्याहारीच्या खोलीत टांगायचं, हे तिने ठरवूनच टाकलं होतं. हिस्के सायकली दुरुस्त करी. मावशीचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं होतं, पण भरतकामात तो पुरावा चालत नाही. रिक्स्त शाळेपासून सुई धरत आलेली, आणि हिस्केने आजवर पंक्चर सोडून काही सांधलं नव्हतं.

शेवटी दोघींनी तोडगा काढला. शनिवार-रविवार आकेबाईंच्या भरतकामाच्या वर्गाला बसायचं, दोघींनी एकेक पट्टी भरायची, आकेबाईंनी निवडायची. जिची पट्टी सरस, तिने कोपरा भरायचा. रिक्स्तने हे लगेच कबूल केलं. का करणार नाही?

वर्ग टेकाडावरच्या जुन्या शाळेत भरे. चर्च शेजारीच, आणि कबरी थेट खिडकीपर्यंत आलेल्या. मावशीची कबर भिंतीलगतच होती, तिच्यावर अजून दगड बसवलेला नव्हता. ऑक्टोबरचा वारा समुद्राच्या बांधावरून सरळ येऊन तावदानांवर आपटत होता.

"हात दाखवा," आकेबाई म्हणाल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पाठ फळीसारखी ताठ. रिक्स्तचे हात पाहून त्यांनी मान डोलावली. हिस्केचे बराच वेळ पाहिले. "हे ग्रीस?"

"हाडात गेलंय बाई. धुऊन निघत नाही."

"मग कापडाला हाड लावू नकोस."

बाकीच्या बायका हसल्या. रिक्स्त जरा जास्तच हसली.

काम पाहायला साधं होतं. कापडाचे धागे मोजायचे, सुई घालायची, ओढायची. चांदणी भरायची तर चारी बाजूंचे टाके मधल्या एकाच भोकात उतरवायचे. सगळे सारखे ताणले की ते भोक गोल, स्वच्छ उघडतं, जणू कापडाने डोळा उघडला. आकेबाईंनी एक चांदणी करून दाखवली आणि हिस्के आपलं वैर विसरून पाहतच राहिली. पांढऱ्यावर पांढरं, रंगाचा आधार नाही. कापड उजेडात कललं की मगच नक्षी उमटते. एवढी मेहनत करून ती दिसू द्यायची नाही, ही श्रीमंती तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

कळणं वेगळं आणि जमणं वेगळं. आकेबाईंनी ओवून दिलेल्या सुईने तिने पहिल्याच टाक्याला सवयीने गाठ मारली. आकेबाईंनी पट्टी उलटी केली, कात्रीने गाठ तोडली, पट्टी परत दिली.

"गाठ नाही मारायची. शेपूट टाक्यांच्या खाली फिरवून लपवायची. सरळ बाजू पाहुण्यांसाठी असते. मी उलटी बाजू पाहते."

"हिस्के, तुला पाना देऊ का?" रिक्स्तने विचारलं.

"दे की. तुझ्या तोंडाचा नट सैल झालाय."

कॉफीच्या वेळी साखरेचा पाव कापला गेला, लोणी जाड लावलं गेलं, आणि बोलणं मावशीवर आलं. आकेबाई म्हणाल्या, "तिचा मरणाचा सदरा पाहिलाय मी, शवपेटीत निजताना घालायचा. लग्नाच्या वर्षी शिवलेला, लॅव्हेंडरच्या फुलांत जपून ठेवलेला. आमच्यात सगळ्याच जणी शिवायच्या, पण तिच्यासारख्या मनगटपट्ट्या कोणाच्याच नाहीत. सगळ्या चांदण्या. आणि प्रत्येक चांदणीचा एक किरण मुद्दाम आखूड. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, तो माझ्याकडे बघतो."

हिस्केने पाव खाली ठेवला. तो सदरा तिनेच मावशीला घातला होता. कॉलरलाही तशाच चांदण्या होत्या. डाव्या मनगटाचं बटण निघालं होतं, म्हणून तिने दुकानातल्या निळ्या दोऱ्याने दुसरं लावलं होतं, चांगली ठसठशीत गाठ मारून, आणि ती आतल्या बाजूला लपवली होती. मावशीने बजावलंच होतं, "मनगटं नीट झाक हो. मला थंडी तिथेच वाजते."

त्या दुपारी हिस्केची सुई चालू लागली.

ते कधी झालं, तिचं तिलाच कळलं नाही. ती मोजायची थांबली होती, खिडकीबाहेर बघत होती, आणि हात आपला खाली-वर होत होता. खाली पाहिलं तर एक चांदणी पुरी. मग दुसरी. दोरा हाताला गार लागत होता, जरा ओलसर, आणि त्याला लॅव्हेंडरचा वास होता. लॅव्हेंडर आणि मातीचा.

"तुला वेगळा दोरा दिला का बाईंनी?" रिक्स्तने वाकून विचारलं. "माझ्याहून बारीक दिसतोय."

"सगळ्यांना एकच दिलाय."

"मग तुझा पिवळट का?"

"उजेड तसा आहे."

रिक्स्त तिच्या हाताकडे पाहत राहिली. स्वतः ती दोऱ्यासाठी परत परत लडीला हात घालत होती. हिस्केने सकाळपासून सुई पुन्हा ओवली नव्हती. हे रिक्स्तच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानंतर तिने एकही टोमणा मारला नाही.

रविवारी सकाळी दोन्ही पट्ट्या आकेबाईंपुढे गेल्या. रिक्स्तची पट्टी सुरेख होती. कोणीही तीच उचलली असती. आकेबाईंनी ती उलटी केली, लपवलेली शेपटं बोटाने चाचपली, "छान," म्हणाल्या, आणि ते त्यांच्या मनापासून होतं.

मग हिस्केची उलटी केली.

त्या खिडकीशी गेल्या. चष्मा काढला, पुन्हा लावला. नखाने एकेक टाका तपासला.

"सुरुवात कुठेय?" त्यांनी विचारलं.

"कसली?"

"दोऱ्याची. सुरुवात नाही, शेवट नाही." पट्टी सुलटी करून त्यांनी ती उजेडात कलती धरली. प्रत्येक चांदणीचा एक किरण आखूड होता. आकेबाईंनी पट्टी हळूच मेजावर ठेवली आणि हात एप्रनला पुसले. "असा दोरा आता कोणी कातत नाही, हिस्के."

रिक्स्तने दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या.

"तिचीच," रिक्स्त म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, पण त्यात खोट नव्हती. तिने पिशवीतून मेजभर कापड काढलं आणि कोरा कोपरा हिस्केसमोर उलगडला. "भर. याच्यापुढे माझं काय चालणार?"

हिस्के भरू लागली.

बायका आपापलं काम सोडून भोवती उभ्या राहिल्या. त्यांनी जन्मभर भरत पाहिलं होतं, पण असं नाही. टाका टाक्याला न खेटता, न दुरावता, साईसारखा पसरत गेला. एकीने डोळे पुसले. रिक्स्तनेही पुसले.

दोरा येत राहिला.

हिस्केने तो कुठून येतोय हे पाहिलं नाही. मेजाखाली तिच्या पायांना गार लागत होतं.

दुपार कलताना शेवटच्या चांदणीला हात जरा अडला. दोऱ्याच्या टोकाला काहीतरी जड होतं. तिने हलकाच हिसका दिला. ते सुटलं. चांदणी पुरी झाली.

संध्याकाळी घरी तिने पिशवी रिकामी केली. आधी कापड काढलं, मग पट्टी, मग आकेबाईंनी दिलेली दोऱ्याची लडी. लडीवरचा कागदी पट्टा जसाच्या तसा होता, न फाटलेला, न सरकलेला.

पिशवीच्या तळाशी एक बटण होतं. ओल्या मातीने भरलेलं.

तिने ते नळाखाली धरलं. माती गेली आणि निळा दोरा दिसला. मागची ठसठशीत गाठ शाबूत होती. मावशीने बाकीचं सगळं टाका टाका उसवून दिलं होतं, ही एवढी गाठ मात्र तोडली नव्हती.

हिस्के खुर्चीत बसली आणि कोणाचं काय गेलं याचा हिशेब लावू लागली. आकेबाईंची लडी उघडलीच गेली नव्हती. रिक्स्तने हक्क सोडला होता, पण तो तिचा होता तरी किती? हिस्केचं स्वतःचं तर काहीच गेलं नव्हतं. पट्टीला सदऱ्याच्या कॉलरचा दोरा लागला होता. कोपऱ्याला दोन्ही मनगटपट्ट्यांचा.

बाहेर वारा वाढला होता. टेकाडावर, चर्चच्या भिंतीलगत, मावशीची मनगटं उघडी होती.