रुतलेली दमणी

मंगरूळहून वाशीमला जाणाऱ्या वाटेवर, आसेगावच्या अलीकडे, एक नाला होता. आता त्यावर पूल आहे आणि तिथे कुणाचं कुणावर प्रेम बसत नाही. चौतीस सालच्या भादव्यात मात्र तिथे काळ्या मातीचा चिखल होता, अन् त्या चिखलात बबनरावांची दमणी चाकाच्या आऱ्यांपर्यंत रुतली होती.

बबनराव नागपूरला वकिली शिकत होते. शिकलेल्या माणसाचं बैलही ऐकतात, अशा समजुतीनं त्यांनी गाडीवानाला घरी ठेवून कासरा स्वतःच धरला होता. बैलांचं मत वेगळं पडलं.

तेवढ्यात मागून दुसरी दमणी आली. हाकणारा रामधन, आत मंगरूळच्या प्रयागबाई आणि त्यांच्याकडे राहायला आलेली भाची विजयमाला.

“जरा आपले बैल मिळतील का?” बबनरावांनी पुस्तकी मराठीत विचारलं. गुडघाभर चिखलात ती फार शोभत नव्हती.

विजयमालानं वाकून पाहिलं. “त्या दोन संदुकांत काय हाये?”

“सरकारी अहवाल.”

“मंग रुतणारच.”

आत्या पदराआड हसल्या. बबनराव लालबुंद झाले. “आज वाशीमच्या वाचनालयात वादविवाद आहे. कापसाचा भाव पडला, कर्जं थकली, वऱ्हाडातल्या सहकारी पेढ्या बुडाल्या… सरकारनं त्यांना खजिन्यातून वाचवावं की नाही, हा विषय. मी म्हणणार, वाचवू नये. ज्यानं बुडवलं त्यानं निस्तरावं!”

“अन् तुमच्या विरुद्ध कोन?”

“आसेगावची कुणी मुलगी आहे म्हणे. पाठांतर चांगलं असेल.”

“असंल,” ती म्हणाली.

रामधननं आपले बैल पुढे जुंपले. विजयमाला खाली उतरली. लुगड्याचा काठ चिखलात बुडाला, तिकडे तिनं पाहिलंही नाही.

“मदत देतो,” ती म्हणाली. “पन दोन अटी. संदुका उतरवा… अन् कासरा मह्याकडं द्या.”

“कासरा? अवं, पन काहून?” नागपूर एका क्षणात गळून पडलं.

“गाडी तुमीच रुतवली ना? मंग त्याच हातात परत कायले द्याची?”

बबनरावांनी संदुका उतरवल्या आणि कासरा दिला. देताना तिची ओली बोटं लागली आणि त्यांना उगाचच वाटलं, नाला अजून थोडा खोल असता तर… तिनं जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. चार बैल एकदम वाकले, अन् गाडी ‘चप्पक’ करून वर आली. तिच्या गालावर चिखलाचा एक ठिपका उडाला. तो पुसावा असं सांगायचं बबनरावांच्या जिभेवर आलं, पण ते पाहतच राहिले.

“चाल पोरी,” आत्यांनी हाक दिली. “आज हारली त तुहं अमरावतीचं कॉलेज बंद. बापानं सांगून ठेवलं हाये.”

बबनराव चमकले. “म्हणजे… तुम्हीच?”

“पाठांतर बरं हाये,” ती म्हणाली, आणि गाडी निघून गेली.

वाचनालयात आधी बबनराव बोलले. रुतलेल्याला काढणं म्हणजे पुढच्याला रुतायचं आवतण, वगैरे. बोलताना ते सारखे स्वतःच्या धोतराकडे पाहत होते. विजयमाला चांगली बोलली. पेढी बुडाली की तिच्यात पै-पै टाकणारी विधवाही बुडते, हे तिनं असं सांगितलं की मागचे खोकलेही थांबले. मग अध्यक्षांनी विचारलं, “पण बाई, ज्यांनी बुडवलं त्यांच्याच हाती पुन्हा पैसा कसा द्यायचा?”

उत्तर सकाळीच नाल्यात सापडलं होतं. तिनं बबनरावांकडे पाहिलं… आणि ती गप्प राहिली. सभेत चुळबुळ झाली. पहिल्या रांगेत तिच्या वडिलांनी पागोटं सारखं केलं, निघायच्या बेतानं.

बबनराव उठले. “उत्तर मी देतो. आज सकाळी माझी गाडी माझ्याच शहाणपणानं रुतली. या बाईंनी ती काढली — पण आधी ओझं उतरवलं आणि माझ्या हातातला कासरा काढून घेतला. पेढ्यांनाही तसंच वाचवावं. माझं म्हणणं मी मागं घेतो.”

सभा पाच मिनिटं हसली आणि मग सगळे हात विजयमालाच्या बाजूनं वर झाले. वडिलांचाही झाला, जरा उशिरा.

बाहेर भुरभुर पाऊस होता.

“काहून सांगतलं?” ती रागावली होती. “मी लपवलं होतं ना?”

“काहून लपवलं?”

“लोक हासले असते… तुमाले.”

“अन् कॉलेज?”

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागली. “ते… मांगून आठवलं.”

बबनरावांनी आपली छत्री तिच्यावर धरली आणि स्वतः भिजत राहिले. वकिलीच्या धंद्याला हे बरं लक्षण नव्हतं.

“विजयमालाबाई… मी पुन्हा रुतलो त?”

“अटी ठाऊक हायेत तुमाले,” ती म्हणाली. गालावरचा ठिपका तसाच होता.

ती अमरावतीला शिकली. ते नागपूरहून पत्रं लिहीत राहिले, अहवालांपेक्षा बरीच आखूड. लग्न आसेगावला झालं. वरात मंगरूळकडे निघाली, नाल्यापाशी आली. बबनरावांनी बैल थांबवले, आणि वरातीतल्या साऱ्या पागोट्यांदेखत, एक शब्द न बोलता, कासरा नवरीच्या मेंदीभरल्या हातात दिला.