मिरचीला माफी

धामखेडच्या माणसांना शिंक गिळायच्या सतरा तऱ्हा येत होत्या. कुणी नाकाचा शेंडा चिमटीत धरी, कुणी जीभ टाळूला चिकटवून श्वास रोखी, कुणी वरच्या ओठावर बोट दाबून जागच्या जागी गोल फिरे. नगरपालिकेतल्या हिंमतराव गिरासेंनी त्या बुधवारी सकाळी यातल्या चौदा तऱ्हा करून पाहिल्या होत्या. पंधरावी करत ते आपल्याच घराच्या ओट्यावर, डोळ्यांत पाणी आणून, एका पायावर उभे होते.

कारण ओट्याच्या खांबावर कर्णोबा होता.

सरकारी कागदात त्याचं नाव श्वसनध्वनिवेधक. एवढं मोठं नाव घेताना दम लागतो आणि दम लागलेला तर त्याला लगेच कळतो, म्हणून लोकांनी त्याचा कर्णोबा केला. धोतऱ्याच्या फुलासारखा छोटा, पितळी रंगाचा कर्णा. गावातल्या प्रत्येक ओट्यावर एक आणि विजेच्या प्रत्येक खांबावर एक. माणसाच्या आवाजासारखी त्याची शिंकही त्याची स्वतःची असते. कर्णोबा ती ऐकून नाव-गाव सांगे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, सरकत्या तापाचे विषाणू घशाच्या मागच्या पडद्यावर ठाण मांडून बसले, की शिंकेच्या शेपटाला एक बारीक शीळ लागते. कर्णोबा ती शीळ पकडे. माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाही, असं निदान कागदात तरी लिहिलं होतं.

सरकता ताप मोठा लबाड. चार दिवस नुसतं नाक गळतं, घसा खवखवतो, माणूस म्हणतो हवा बदलली. पाचव्या दिवशी तो खाली छातीत सरकतो. चौथ्या दिवसाच्या आत इंजेक्शन टोचलं तर आठवड्यात माणूस शेतावर. नंतर टोचून उपयोग नाही. इंजेक्शनं मोजकी होती, म्हणून ज्याच्या नावापुढे कर्णोबाने लाल लावला त्यालाच ती मिळत. आणि लाल लागला की गाडी येई, घरातल्या सगळ्यांना, धडधाकट असोत की आजारी, जिल्ह्याच्या धान्य गोदामात नेई. तिथे पाचशे खाटा आणि वर एकच पत्रा.

आज हिंमतरावांचं नाक गळून तिसरा दिवस होता.

"अहो, ओट्यावर काय नाच चालवलाय?" आतून कोकिळाबाईंचा आवाज आला.

"मुंगी चावली."

"तीन दिवस मुंग्याच चावून राहिल्या तुम्हाला. बाहेर झोपता, ताट बाहेर मागता. अन् काल हिंगाची डबी नाकाला लावून काय बसले होते?"

"वास येतो का बघत होतो. दुकानदाराने भेसळीचा दिला की काय म्हणून."

"मग? आला वास?"

"आला."

"मग तोंड का पडलंय?"

तोंड पडणारच. काल पहाटेपासून हिंमतरावांनी अकरा वेळा ताप मोजला होता. अकराही वेळा काही नव्हतं, म्हणून तापमापक बिघडलाय असं वाटून त्यांनी संध्याकाळी दुसरा आणला. दोघांत पाव अंशाचा फरक निघाला आणि त्या पाव अंशाने त्यांची झोप नेली. स्वतःचं काही बरंवाईट होण्याची भीती त्यांना नव्हती असं नाही, नाव हिंमतराव असलं तरी. पण खरी भीती उंबऱ्याच्या आत होती. दोन वर्षांपूर्वी कोकिळाबाईंना त्यांच्या सख्ख्या बहिणीचं मूत्रपिंड बसवलं होतं. परक्या अवयवाला शरीराने हाकलून लावू नये म्हणून शरीराची पहारेकऱ्याची ताकदच औषधांनी निजवून ठेवली होती. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, "हा ताप इतरांना चार दिवस देतो. वहिनींना दोन देईल."

म्हणजे हिंमतरावांना खरंच सरकता ताप असेल, तर त्यांनी घरात राहणं धोक्याचं. आणि साधी सर्दी असून कर्णोबाने चुकून लाल लावला, तर कोकिळाबाई पाचशे आजाऱ्यांत त्या पत्र्याखाली. यातून सुटायची एकच वाट होती आणि ती वाट गावात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं हिंमतरावांना वाटत होतं. कारण ती त्यांनीच तयार केली होती.

धामखेड हे मिरचीचं गाव. कार्तिक लागला की गावाबाहेरच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, शंभर एकर जमीन लाल होते. वाऱ्याची दिशा फिरली की गावातल्या देवळातली मूर्ती तेवढी शिंकायची राहते. अशा गावात ऐन हंगामात कर्णोबा बसवले. पहिल्याच दिवशी नऊशे तेरा लाल! सत्तावीस गाड्या आल्या आणि वेशीत शिरताच सत्ताविसांचे सत्तावीस ड्रायव्हर शिंकले, तेही लाल. मग वरून हुकूम आला: गिरासे, यंत्राला मिरचीची शिंक शिकवा.

तीन आठवडे हिंमतराव देठ खुडणाऱ्या बायकांपुढे माइक धरून बसले. यंत्र शिकत होतं, पण हळूहळू. व्यापारी घाई करत होते. मग हिंमतरावांनी आडवाट काढली. आग ओळखण्यासाठी कर्ण्यात एक बारीक नाक होतं. त्याला त्यांनी मिरचीची धूळ हुंगायला शिकवलं आणि नियम लिहिला: ज्या हवेत मिरची, तिथली शिंक माफ. नियमाला कुलूप लावलं, किल्ली म्हणजे स्वतःचा अंगठा. व्यापाऱ्यांनी नारळ आणि टोपी देऊन त्यांचा सत्कार केला.

तर दुपारी हिंमतराव तपासणीचं निमित्त करून पथारीवर गेले. फाटकात शिरताच तीन दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम सुटलं. एक, दोन, तीन... सात शिंका! खिशातला फोन थरथरला. 'हिंमतराव गिरासे. मिरची. निर्धोक.'

एवढा गोड शब्द त्यांनी जन्मात वाचला नव्हता. डोळे पुसून त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा हात रुमालासकट तसाच राहिला.

पत्र्याच्या शेडखाली नेहमी चाळीस बायका देठ खुडायला बसतात. आज शंभरावर माणसं होती. शाळेतले भामरे गुरुजी मिरचीच्या ढिगाला टेकून पेपर वाचत होते. त्यांच्या शेजारी छगन शिंपी. पलीकडे बँकेतल्या मॅडम पदर खोचून देठ खुडत होत्या, तेही चुकीच्या बाजूने. सगळे शिंकत होते. मोकळेपणाने, मान मागे टाकून, जणू लग्नाच्या पंगतीत ढेकर देत असावेत.

"ये भाऊ. तू पण आलास?" ढिगाआडून आवाज आला. जिजामावशी. देठ खुडणाऱ्या बायकांची मुकादम. चाळीस वर्षं मिरचीत काढलेली बाई.

"तपासणीला आलो मावशी."

"हो ना. गुरुजी पण सोमवारपासून तपासणीलाच येऊन राहिले. अन् बँकेतली बाई तर मजुरीही मागत नाही." मावशीने हातातला देठ टाकला. "तुझी सातवी शिंक मिरचीची होती. पहिल्या सहा तुझ्या."

हिंमतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "काहीतरीच. शिंक ती शिंक."

"मिरचीची शिंक वर फुटते रे, टाळूकडे. नाकातली खाली बसते. इतकी वर्षं हेच ऐकतेय."

"मग ती..." हिंमतरावांचा आवाज बारीक झाला. "साधी सर्दी, की ते दुसरं?"

"ते मी कशाला सांगू? तुझा कर्णोबा आहे ना? पण त्याचा कान तर तूच पिळून ठेवलास." मावशी उठून जवळ आली, मग थांबली आणि चार पावलं मागे सरकली. ती चार पावलं हिंमतरावांना लागली. "विमल आठवते? माइकपुढे शिंकताना हसली होती, ती. शुक्रवारी तिचं नाक गळायला लागलं. मला ऐकू येत होतं की ही मिरची नव्हे. म्हटलं, यंत्र सांगतंय ना निर्धोक, आपण अडाणी कोण? रोज यायची, रोज शिंकायची, रोज निर्धोक. काल आली नाही. आज निरोप आला, दम लागून राहिला तिला. काल पाचवा दिवस होता भाऊ."

शेडखाली कुणीतरी लागोपाठ तीनदा शिंकलं. मावशीने मान वाकडी करून ऐकलं आणि हळूच म्हणाली, "छगन. हा पण नाही मिरचीचा."

हिंमतरावांनी फोनवर गावाचा नकाशा काढला. गल्लीबोळांत कुठे संशयाचा पिवळा ठिपका, कुठे लाल. आणि पथारीचा अख्खा चौकोन कोथिंबिरीच्या वाफ्यासारखा हिरवागार. सगळ्या तालुक्यात इतकी निरोगी जागा नव्हती! गावातलं ज्याचं ज्याचं नाक गळत होतं ते सगळे या चौकोनात येऊन मांडीला मांडी लावून बसले होते आणि एकमेकांना देऊन घरी जात होते.

"माफी काढून टाक," मावशी म्हणाली.

"काढतो. उद्या."

"उद्या का?"

"आत्ता काढली तर इथल्या प्रत्येकाला लाल लागेल मावशी, खऱ्याला आणि खोट्यालाही. मलाही. मग गाडी माझ्या दारात. कोकिळाला तिथे नेलं तर..." त्यांनी फोन खिशात टाकला. "एक दिवस द्या. तिला बहिणीकडे पोचवतो."

"विमलची नात दोन महिन्यांची आहे," मावशी एवढंच म्हणाली आणि पुन्हा खुडायला बसली.

घरी आल्यावर हिंमतरावांनी ओट्यावरच सदरा काढून खांबाच्या खुंटीला टांगला, कोपरापर्यंत हात धुतले, बनियनवरच बाजेवर बसले आणि बहिणीच्या गावच्या गाडीची वेळ बघू लागले. ऊन कलत होतं. तेवढ्यात दाराच्या आतून आवाज आला. एकच शिंक, छोटीशी.

फोन थरथरला. 'कोकिळा हिंमतराव गिरासे. मिरची. निर्धोक.'

घरात दोन वर्षांत मिरची आली नव्हती. पथ्य. हिंमतरावांनी मान वळवून खुंटीकडे पाहिलं. सदऱ्याच्या चुण्यांत लाल धूळ बसली होती आणि कर्णोबा बरोबर त्याच्या वर होता.

"शिंक आली?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या मुंग्या मला पण चावून राहिल्या," कोकिळाबाई आतून हसल्या. "सकाळपासून दुसरी."

"दुसरी? पहिली कधी?"

"तुम्ही गेल्यावर. पण ती गिळली. बघून बघून शिकले मी पण."

तेव्हा सदरा खुंटीवर नव्हता. धूळ नव्हती. ती शिंक सुटली असती, तर कर्णोबा खरं बोलला असता.

हिंमतरावांनी बोटांवर मोजलं. दोनच दिवस, आणि आजचा त्यातला पहिला. सदरा उचलून टाकला तरी ओट्याच्या हवेत धूळ उरणारच होती. तिला तो ताप असेल, तर माफी काढून लाल लागू देणं हाच उपाय, उद्याच्या आत इंजेक्शन. आणि नुसती सर्दी असेल, तर धुळीने चुकून लागलेला तोच लाल तिला पाचशे आजाऱ्यांत नेऊन टाकणार. खरं काय ते सांगू शकणारं यंत्र डोक्यावर टांगलेलं होतं आणि त्याला खरं सांगू नकोस असं त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांनी मावशीला फोन लावला. "मावशी, एक शिंक ऐकवतो. नाव विचारू नका. फक्त कुठली ते सांगा." आणि कर्णोबाने टिपून ठेवलेली ती छोटीशी शिंक लावली.

मावशीच्या पाठीमागे पथारीवरच्या शिंका ऐकू येत होत्या.

"पुन्हा लाव."

त्यांनी लावली.

"हिच्या शेपटाला..." मावशीने वाक्य तोडलं. मग विचारलं, "कुणाची आहे?"

"नाव विचारू नका म्हटलं ना!"

"म्हणजे घरची." मावशीने श्वास सोडला. "भाऊ, ऐक. इथं माझ्यामागे शंभर माणसं आहेत. दिवस मावळला की घरोघर जातील. आधी तू अंगठा लाव. मग मला काय ऐकू आलं ते सांगते."

"मावशी, हा काय छळ? तुम्हाला कळलंय ते सांगा ना!"

"आधी सांगितलं तर तू तुझ्यापुरतं बघशील. मी ओळखते तुला. मी पण तेच केलं असतं."

हिंमतरावांनी चालू फोन कानावरून काढून त्याच्याच पडद्यावर नगरपालिकेची यंत्रणा उघडली. 'माफी रद्द करायची? अंगठा लावा.' त्यांनी अंगठा टेकवला. 'ओळख पटली नाही.' पुन्हा टेकवला. 'ओळख पटली नाही.' अंगठ्याच्या रेघारेघांत मिरचीची लाली बसली होती. साबणाने गेली नव्हती. त्यांना वाटलं, झालं, आपल्या हातात काही नाही. आणि असं वाटल्यावर छातीवरचा भार किती हलका झाला, ते बघून त्यांची त्यांनाच शरम वाटली.

कोकिळाबाई चहाचा कप घेऊन ओट्यावर आल्या. नाकाचा शेंडा लालसर, बाकी रोजच्यासारख्या. तीन दिवस हिंमतरावांनी त्यांना दोन हात दूर ठेवलं होतं. आता बाजेवरून उठून लांब जायला हवं होतं, पण ते बसूनच राहिले.

"काय लावून घेतलंत हे? डोळ्यात जाईल एखाद वेळी," असं म्हणत त्यांनी कप खाली ठेवला, पदराचं टोक तांब्यात बुडवलं, हिंमतरावांचा हात मांडीवर ओढून घेतला आणि लहान मुलाचा पुसावा तसा तो अंगठा घासून घासून पुसला. नखाच्या कडा, मग रेघा. अगदी लख्ख होईपर्यंत.

"भाऊ," फोनमधून मावशी मोठ्याने म्हणाली, "लावलास का अंगठा?"

कोकिळाबाईंचा हात थांबला. त्यांनी फोनच्या पडद्याकडे पाहिलं, खुंटीवरच्या सदऱ्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "कसला अंगठा?"