पाठीवरचा हात

लिफ्ट बंद होती. कठडा धरून ती एकेक पायरी चढत होती. शिवणकामावर पोट, आणि संधिवाताने रोज सकाळी बोटं, गुडघे रुसलेले. मधल्या पायरीवर एक तरुण धापा टाकत बसला होता.

"कुणाची वाट बघताय?" तिने विचारलं.

"श्वासाची. मागे राहिलाय... येईल एवढ्यात."

ती खुदकन हसली. तो सुतार होता, लाकडाच्या भुशाने दमा बळावलेला. दोघंही निघाले होते एकाच ठिकाणी — दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, जुनाट दुखण्यांसाठीच्या योगवर्गाला.

हळूहळू तिची बोटं सैल होऊ लागली, सुईत दोरा चटकन जाऊ लागला. "गोळ्या चालू ठेवा, पण योगही सोडू नका," डॉक्टर म्हणाले. सोडतंय कोण? शेजारच्या चटईवर तो असायचा. शवासनात डोळे मिटून पुटपुटायचा, "झोपलात... की माझ्यावर रुसलात?"

रुसायला कारणही होतं. योगशिक्षिका. बाईच्या अंगात हाडं होती की नाही, देव जाणे. ती त्याच्या पाठीवर तळवा ठेवून म्हणायची, "इथपर्यंत श्वास भरा." आणि तो भरायचाही, अगदी आज्ञाधारकपणे. इकडे ही एक डोळा उघडून बघत राहायची. माझ्या पाठीवर तर कधी इतका वेळ हात ठेवला नाही बाईंनी...

एक दिवस शिक्षिका म्हणाली, "किती सुरेख जमतंय तुम्हाला," आणि तो लाजला. लाजला! दुसऱ्या दिवसापासून हिने वर्गाला जाणंच बंद केलं.

बोटं पुन्हा आखडली. एका सकाळी कात्रीच हातात धरवेना.

"राग तिच्यावर आणि शिक्षा स्वतःच्या बोटांना?" तिची थोरली बहीण चहा ओतत म्हणाली. "अक्कल कुठे गहाण टाकलीस गं?"

ती पुन्हा वर्गाला गेली. मान खाली घालून चटई पसरली.

"आज जोडीने करायचंय," शिक्षिका म्हणाली. "एकाने दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजायचा."

तो आधीच पाठ करून बसला होता. तिने आखडलेला तळवा टेकवला. त्याचा श्वास अर्ध्यावरच अडकला.

"बाईंचा हात असला की बरा जमतो तुम्हाला," ती फणकारली.

"तेव्हा लक्ष श्वासावर असतं."

"आणि आत्ता?"

 त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

"इतके दिवस आला नाहीत," तो हळूच म्हणाला, "रोज जिन्यात बसून राहायचो. वर यायचं मनच होत नव्हतं."

तिचा राग कुठल्या कुठे पळाला. 

"श्वास सोड ना," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

"सोडला तर... तू हात काढशील."

"नाही काढणार," ती म्हणाली.

त्याने सावकाश श्वास सोडला.