डाव्या बाजूचं भोक

मामाला आपल्या घरी न्यायला ती आली, तेव्हा भर दुपार होती. बाहेर धुकं इतकं दाटलं होतं, की समोरची इमारत कुणीतरी पुसून टाकल्यासारखी वाटत होती.

डॉक्टरांनी बजावलं होतं, मामाने आता एकटं राहायचं नाही. पण मामा खोली सोडायला तयार नव्हता. तिथे काचेच्या कपाटात झारच्या काळातली रशियन पदकं होती, जन्मभर वेड्यासारखी जमवलेली.

"पदकंही नेऊ की, मामा. टेम्पो बोलावते."

"बाकीची ने, ठिणगे. ह्याचं काय करू?"

त्याच्या शर्टावर डाव्या बाजूला पांढऱ्या मीनाकामाचा छोटा क्रॉस होता. कुठल्याशा पलटणीतल्या अधिकाऱ्याचा. बाकीची पदकं रिबिनीला लटकायची. हा मात्र कापडाला भोक पाडून, मागच्या स्क्रूवर चकती फिरवून बसवायचा.

"दुसऱ्याने कमावलेलं अंगावर घालू नये, हा आम्हा जमवणाऱ्यांचा नियम. मी गंमत म्हणून घातला. आता ह्याला... माणूस लागतो."

तिचं डोकं फिरलं. ह्या म्हाताऱ्यांना हट्टासाठी भुतंसुद्धा चालतात!

"आण इकडे. मी घालते. काही झालं नाही, तर मुकाट्याने बूट चढवायचे. कबूल?"

मामाने शर्टाच्या आतून चकती सोडवली, पण क्रॉस लगेच तिच्या हातात दिला नाही.

"तू... स्वतःहून मागतेयस ना?"

"हो रे बाबा, स्वतःहून!"

तिने स्वेटरच्या आतून चकती फिरवली. छातीवर गार बोट टेकल्यासारखं झालं. मग खोलीत ओल्या लोकरीचा आणि घोड्यांचा वास पसरला. धुकं आत आलं, की ती बाहेर गेली, कळेना. खाली कुठेतरी झोपेत चालावेत तसे टापांचे आवाज... हळू, मऊ. समोर कुणीतरी उभं राहिलं आणि शाळेला निघालेल्या पोरीची करावी, तशी तिची कॉलर नीट केली. भीती वाटली नाही. नुसती गुंगी आली.

तिने चकती सोडवली. चकतीत एक जाडाभरडा करडा धागा अडकला होता. तिचा स्वेटर पिवळा होता.

"बघ, काही झालं?"

मामाचे बूट केव्हाच चढवून झाले होते. निघताना त्याने कपाटाकडे वळूनही पाहिलं नाही.

क्रॉस बाकीच्या पदकांसोबत तिथेच कपाटात राहिला, कुलपात. किल्ली तिच्याकडे. मामा घरी रमला. गाढ झोपू लागला, आईशी पत्ते कुटू लागला. जिंकले बाबा, असं ती मनात म्हणाली.

एका दुपारी आई तिच्या कपड्यांचा ढीग घेऊन आली.

"अगं, कसर लागलीय तुझ्या कपाटाला!"

प्रत्येक कपड्याला एकच भोक. डाव्या बाजूला.

ती हसली. मग न हसता तिने दुकानातून आणलेलं, अजून न उघडलेलं पाकीट फोडलं. कोऱ्या शर्टालाही तेच. भोकाभोवतीचं कापड गार, कडक... आणि घोड्यांचा वास.

"मामा..."

मामा पत्ते पिसत होता. त्याने मान वर केली नाही.

"कॉलर नीट कर, ठिणगे," तो हळूच म्हणाला. "त्यांना गबाळेपणा खपत नाही."