सोडलेला कागद

घडीचं स्टूल विमानात मांडीवर घेऊन बसू देत नाहीत, हे मुद्रितशोधकाला सत्तरी उलटल्यावर कळलं. त्याआधी तो विमानात बसलाच नव्हता. सारा जन्म छापखान्यात ओल्या शाईच्या कागदांवर लाल खुणा करण्यात गेला होता. वाकून वाकून डावा खांदा जो उतरला, तो उतरलाच. प्रवासाची हौस बायकोला. ती दर वर्षी चित्रकला शिकवणाऱ्या बाईंच्या जलरंगवाल्या मंडळींबरोबर परदेशी जायची आणि हा घरी पुस्तकं वाचत सुखाने राहायचा. दोघांचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. आता हा आला होता त्याच गावी ती मागच्या वर्षी येऊन गेली, आणि पुढच्या थंडीत तापाचं निमित्त होऊन कायमची गेली.

तिचं शेवटचं चित्र इथलंच होतं. नदीकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्या, मागे कमानींचं जुनं गोदाम, दिव्याचा एक खांब आणि पायऱ्यांच्या कडेने बुटका कठडा. सगळं रंगवून झालेलं, फक्त कठड्याच्या मध्यावर तळहाताएवढा कागद कोरा. मुद्रितशोधकाला ते डाचत राहिलं. चित्र जेवणाच्या टेबलासमोर लावायचं त्याच्या मनात होतं, पण ओळ गाळून पान छापायला धाडणं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. त्याने बाईंना गळ घातली की एवढं भरून द्या. बाई म्हणाल्या, न बघता मी झाडाचं पानसुद्धा रंगवत नाही, भाऊजी. त्या जागेसमोर बसून भरीन, आणि चित्र तुम्हीच सांभाळून आणायचं. म्हणून तो आला. बरोबर बायकोचं स्टूल आणि तिची रंगपेटी घेतली.

मंडळी मोजकीच होती. बाई, एक दंतवैद्य, आणि नणंद-भावजयीची जोडी, जी कायम शेजारी शेजारी बसायची आणि एकमेकींच्या सावलीबद्दल कुरकुर करायची. बाईंचे नियम ठरलेले. प्रत्येकाजवळ पाण्याचे दोन पेले, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. पांढरा रंग वापरायचा नाही, पांढरं हवं तिथे कागद सोडायचा. आणि काम संपलं की सगळी चित्रं जमिनीवर मांडायची, ती बघून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी बाजाराचा चौक रंगवायचा होता. चौकाच्या मधोमध कोरडं कारंजं. भावजय सावलीवरून रुसून समोरच्या बाजूला जाऊन बसली, त्यामुळे चौघं चार दिशांना पांगली. मुद्रितशोधकाला रंगवता येत नव्हतं, तो सगळ्यांना पाणी आणून देत राहिला. उन्हं कलल्यावर चित्रं मांडली. दंतवैद्याच्या चित्रात कारंज्याच्या काठावर एक पांढरा ठिपका उरला होता.

बघून झाल्यावर बाई म्हणाल्या, "कागद छान सोडलाय."

"मी नाही सोडला," दंतवैद्य म्हणाला. "माझा धंदा खड्डे भरायचा."

भावजयीच्या चित्रातही तो ठिपका होता. नणंदेने ठसक्यात विचारलं, माझ्यात बघून केलंस का?

"वन्सं, तुम्ही कारंज्याच्या पलीकडे होतात."

मग सगळेच वाकले. बाईंच्या चित्रातही तेच होतं. मुद्रितशोधकाचा जन्म दोन कागद शेजारी ठेवून ताडून बघण्यात गेलेला. त्याने चारही चित्रं ताडून पाहिली. एकात पाठ होती, दोहोंत कूस, एकात झुकलेलं डोकं. चार बाजूंनी पाहिलेलं एकच बसलेलं माणूस. दिवसभर त्या काठावर कोणी बसलं नव्हतं. पाणी घेऊन तो तिथूनच येत-जात होता.

दंतवैद्याने ब्रश मातकट रंगात बुडवून त्या जागेवरून फिरवला. अळूच्या पानावरून पाणी घरंगळावं तसा रंग थेंब होऊन बाजूला झाला. कोणी घाबरलं नाही. आवाज मात्र आपोआप खाली आले, कुणी झोपलेलं असावं तसे. ते पांढरं उरलेल्या कागदाहून पांढरं होतं, आणि त्याच्याकडे बघत राहावंसं वाटत होतं.

समोरून काढलेल्या आकृतीत बघणाऱ्याच्या उजवीकडचा खांदा खाली होता, पाठीमागून काढलेल्या आकृतीत डावीकडचा; म्हणजे दोन्हींत डावाच. मुद्रितशोधकाने ते पाहिलं आणि तो पेले गोळा करायला लागला. आपल्याला भास होत असेल, असं त्याला नेहमीच वाटायचं.

दुसऱ्या दिवशी नदीकाठ. बायकोची बसायची जागा त्याने चित्रावरून शोधली. दिव्याचा खांब गोदामाच्या एका कमानीला बरोबर दुभागत होता. चित्र डोळ्यांसमोर धरून तो सरकत सरकत गेला, आणि खांब कमानीवर येऊन बसला तिथे त्याने तिचं स्टूल उघडलं. दोन पेले भरून ठेवले. रंगपेटी उघडली. निळ्या वडीच्या मध्ये तिच्या ब्रशने झिजवलेला खळगा होता. वर्षभरात त्याला भेगा पडल्या होत्या.

बाईंनी ब्रश उचलला. चित्राकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं, मग मुद्रितशोधकाच्या खांद्याकडे. ब्रश त्यांनी कोरडाच खाली ठेवला.

"भाऊजी, हे राहून गेलेलं नाही. तिने सोडलंय."

"कशासाठी?"

"जाऊन बसा तिथं. मी माझ्या कागदावर काढते. याला हात लावणार नाही."

तो कठड्यावर जाऊन बसला. बायकोचं चित्र तिच्या रिकाम्या स्टुलाशी ठेवून बाई आणि बाकीचे बाजूला आपापल्या फळ्या मांडून बसले. इतके डोळे आपल्यावर लागल्याचं बघून त्याचे कान तापले. सकाळी बसमध्ये स्वेटरचं दुसरं बटण तुटून हरवलं होतं, त्या जागेवर त्याने हात ठेवला. काका, हात खाली आणि आता हलायचं नाही, दाढ काढत नाहीये तुमची, असं दंतवैद्य म्हणाला, तेव्हा त्याने हात खाली घेतला आणि मान झुकवली.

नदी हळूहळू वाहत होती. ऊन पाण्यावरून उठून गोदामाच्या कमानींत हलत होतं.

पेल्यात ब्रश खळखळल्याचा आवाज आला. मग पेल्याच्या काठावर ब्रश टेकवल्याचा. जरा थांबून पुन्हा. घरी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून ती असाच ब्रश निथळायची.

आवाज बाजूने नव्हता. समोरून होता.

त्याने मान वर केली नाही.

कोणीतरी आपल्याला वाचत आहे, असं त्याला वाटलं. सावकाश, अक्षर न अक्षर. कपाळ, उतरलेला खांदा, बटणाच्या जागचा लोंबता दोरा. आणि कुठेही लाल खूण न करता.

ऊन सरलं तेव्हा चित्रं मांडली. चारही चित्रांत तो कठड्यावर बसला होता. चारही चित्रांत समोरच्या स्टुलावर कागद सोडलेला होता. हात पुढे केलेला, मान जराशी कललेली.

बघून झालं. भावजयीने नणंदेचा हात धरला, तो तिने सोडवला नाही.

मुद्रितशोधक स्टुलाकडे गेला. बायकोच्या चित्रात कोरी जागा नव्हती. तिथे करडा स्वेटर घातलेला एक म्हातारा बसला होता, दुसऱ्या बटणाच्या जागी नुसता दोरा. रंग ओला होता. निळ्या वडीच्या खळग्यात पाणी साचलं होतं.

वाळेपर्यंत चित्र आडवंच धरायचं, बाईंनी सांगितलं. त्याने ते बसमध्ये आडवं धरलं, खोलीत आडवं ठेवलं, विमानात मांडीवर आडवं घेऊन आला. याला कोणी हरकत घेतली नाही.

भिंतीवर मात्र ते अजून लागलेलं नाही. चौकटवाला म्हणतो, वाळलं की आणा. ते जेवणाच्या टेबलावरच असतं आणि मुद्रितशोधक कडेला ताट ठेवून जेवतो. थंडी पडली तेव्हा त्याने स्वेटर बाहेर काढला. करडं बटण कुठे मिळालं नाही, तेव्हा बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं एक तपकिरी लावून टाकलं.

सकाळी चहा घेऊन टेबलाशी बसला, तेव्हा चित्रातल्या म्हाताऱ्याच्या स्वेटरला दुसरं बटण होतं. तपकिरी. त्याच्या कडेने रंग अजून कागदात पसरत होता.

मुद्रितशोधकाने धक्का लागू नये म्हणून कप लांब सरकवला, आणि हलायचं नाही हे आठवून मान झुकवली.